काटा

घेरडीच्या माळावर आमचं घर म्हणजे
दोन खोल्या, एक शेड
आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण.
सेहेचाळीस मेंढरं.
आकडा मी हळू बोलते.
मामा म्हणतात, जितराब मोजू नये,
मोजलं की एक कमी होतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा
ते रोज दिवेलागणीला शेडच्या तोंडाशी उभे राहायचे,
एकेक पाठ हाताखालून जाऊ द्यायचे,
आणि म्हणायचे, "बोडकी मागं राहिली ओढ्याला."
बोडकी खरंच ओढ्याला असायची.
त्यामुळं वही काढायला मला सहा वर्षं लागली.

वही स्वरांजलीची, पहिलीतली, अर्धी कोरी.
एका बाजूनं तिचे अ आ,
दुसऱ्या बाजूनं माझं:
कानी, दोन कोकरं, एक गेलं.
तांबडतोंडी, एक, गेलं.
भोरी, एक, आहे.
त्या थंडीत अकरा गेली.
मामा म्हणाले, "जायचीच असत्यात."
मी ते लिहिलं नाही. तारखा लिहिल्या,
आणि कुठं सापडली ते.

सगळी पहाटे,
सगळी उत्तरेच्या भिंतीकडं,
जिथं मूत साचून चिखल व्हायचा.

मग फार मोठं काही झालं नाही.
मायाप्पानं गवंडीकामावरच्या जुन्या फळ्या आणल्या,
मधे बोटभर फट ठेवून ठोकल्या.
पुढच्या वर्षी पोत्यांचे पडदे.
त्याच्या पुढच्या वर्षी लस,
मृगाच्या आधी, नंतर नव्हे.
बांधाला हादगा लावला,
निम्मा शेजारच्या शेळीनं खाल्ला, निम्मा आमचा.
निळी प्लॅस्टिकची गव्हाण आणली ती
पहिल्याच आठवड्यात नरानं टक्कर देऊन फोडली.
तिच्यात आता कोथिंबीर आहे.

लोकर अजून कुणी घेत नाही.
कातरली की ढीग पडून राहतो.
मामा त्यातली मऊ बघून उशी भरतात,
उरलेली मी डाळिंबाच्या बुडाला घालते,
ओल धरते.
हे कुणी शिकवलं नाही.
ढीग हलवायला दुसरी जागा नव्हती.

मागच्या दिवाळीनंतर काटा आला.
स्प्रिंगचा, आढ्याला टांगायचा,
खाली पोत्याची झोळी.
आजवर व्यापारी पाठीवर हात फिरवून
"अठरा भरंल" म्हणायचा, आम्ही मान हलवायचो.
सांगोल्याच्या बाजारात मी म्हणाले,
"बावीस आहे. वर पाचशे ग्रॅम."
तो माझ्याकडं नाही, मायाप्पाकडं बघत राहिला.
मायाप्पा चहा पीत होता.
त्यानं कप खाली ठेवला नाही.

मामा मात्र काट्याच्या वाटेला गेले नाहीत.
"कोकरू टांगत्यात व्हय? ते काय वांगं हाय?"
ते हातावर उचलून सांगायचे
आणि पावशेराच्या पलीकडं चुकायचे नाहीत.
यंदा त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या येतात.
पाण्याचा तांब्या जड लागतो,
काठी जड लागते,
कालचं कोकरू त्यांनी पाच किलोचं सांगितलं
आणि आम्ही कुणी हसलो नाही.

परवा रात्री भोरीची लेक व्यायली.
मला जाग आली नाही.
पहाटे बघते तर कोकरू पुसून कोरडं,
नाळेला हळद,
झोळीचं पोतं ओलं,
आणि वहीत, पान उलटं धरून,
कोळशाच्या तीन रेघा, चौथी आखूड.

मामांना अक्षर येत नाही.
मी पुन्हा टांगून बघितलं: तीन किलो दोनशे.
आखूड रेघ म्हणजे दोनशे का पावशेर,
एवढं विचारायला बाहेर गेले.
ते शेडच्या तोंडाशी होते.
मेंढरं एकेक करून बाहेर पडत होती,
फळ्यांवर खुरांचा आवाज,
त्यांचे दोन्ही हात काठीवर,
ओठ हलत होते.